साप्ताहिकवाल्यांना प्रवेश नाही : संसदेच्या प्रेस गॅलरीचं दार उघडायला लावणाऱ्या ॲलिस डनिगन

पुरस्कार जाहीर झाला की आपण विजेत्याचं नाव वाचतो, फोटो बघतो आणि पुढे जातो. तो पुरस्कार कुणाच्या नावाने दिला जातो, इकडे फारसं कुणी बघत नाही. आज आम्ही अशाच एका नावाबद्दल सांगणार आहोत.

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, पत्रकारांचे बरेच पुरस्कार आहेत. त्यातला एक प्रकार आम्हाला विशेष वाटतो. तिथला नॅशनल प्रेस क्लब प्रादेशिक वर्तमानपत्रांच्या वॉशिंग्टनमधल्या वार्ताहरांना वेगळा पुरस्कार देतो. प्रादेशिक वार्ताहर म्हणजे कोण? आपल्याकडे एखाद्या मराठी दैनिकाचा दिल्ली प्रतिनिधी असतो ना, तसाच. देशाच्या संसदेत बसायचं, पण लिहायचं ते आपल्या जिल्ह्यातल्या, आपल्या माणसांसाठी. आमचा खासदार काय बोलला, कोणत्या कायद्याच्या बाजूने हात वर केला, त्या कायद्याने आमच्या घरात काय बदलणार, हे तो सांगतो. मोठी वर्तमानपत्रं मोठ्या माणसांच्या बातम्या देतात. छोट्या माणसाची बातमी द्यायला छोट्या वर्तमानपत्राचाच माणूस तिथे असावा लागतो.

२०२२ मध्ये व्हाइट हाउसच्या वार्ताहर संघटनेने एक जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ही संघटना १९१४ सालची. त्या पुरस्काराला दोन कृष्णवर्णीय महिला पत्रकारांची नावं दिली, ॲलिस डनिगन आणि एथेल पेन. पहिला मानही या दोघींनाच दिला. तेव्हा डनिगन यांना जाऊन ३९ वर्षं झाली होती आणि पेन यांना ३१.

यातल्या ॲलिस डनिगन यांची ही गोष्ट. त्यांनी आयुष्यभर ज्यांच्यासाठी लिहिलं, ती सगळी छोटी वर्तमानपत्रं होती. बहुतेक साप्ताहिकं. आणि साप्ताहिक, या एका शब्दावर त्यांना संसदेच्या दारात अडवलं होतं.

तंबाखूच्या शेतातली मुलगी

ॲलिसचा जन्म २७ एप्रिल १९०६ रोजी केंटकी राज्यात, रसेलव्हिल गावाजवळ झाला. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचे. आई लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून द्यायची. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली १८६५ मध्ये. म्हणजे ॲलिस जन्मली तेव्हा त्याला जेमतेम ४० वर्षं झाली होती. कायदा बदलला होता, पण गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. बस, हॉटेल, दवाखाना, कब्रस्तानसुद्धा वेगळं.

चार वर्षांची असतानाच ती आठवड्यातून एक दिवस शाळेत जाऊन बसू लागली. पहिलीत नाव घालायच्या आधीच तिला वाचता येत होतं. १३ व्या वर्षी तिने ओवेन्सबोरोच्या एका वर्तमानपत्राला बातम्या पाठवायला सुरुवात केली. बातमी कसली, एकेक वाक्य. गावात कोण आलं, कुणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे. मोठ्या वर्तमानपत्रांना काळ्यांच्या मोहल्ल्यातलं लग्न ही बातमीच वाटत नव्हती. या मुलीला ती बातमी वाटली. पुढचं सगळं आयुष्य तिने हेच केलं, फक्त मोहल्ल्याच्या जागी संसद आली.

रसेलव्हिलमध्ये काळ्या मुलांसाठी दहावीपर्यंतच शाळा होती. पुढे शिकून मुलगी काय करणार, असं घरच्यांचं मत. आपल्याकडेही किती घरांत हाच प्रश्न विचारला गेला, ते आम्ही सांगायला नको. पण त्यांच्या चर्चच्या रविवारच्या शाळेचे प्रमुख मध्ये पडले. त्यांनी आईवडिलांना समजावलं आणि ॲलिसला शिक्षिका होण्याचं शिक्षण घेता आलं. एका शेजाऱ्याने वेळेवर टाकलेला शब्द एका मुलीचं आयुष्य कसं बदलतो, याचं हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१८ वर्षं खडू हातात

१९२४ पासून १९४२ पर्यंत ॲलिस यांनी केंटकीच्या टॉड काउंटीत काळ्या मुलांच्या शाळांत शिकवलं. केंटकीचा इतिहास शिकवताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पुस्तकात काळी माणसं जवळजवळ नाहीतच. वर्गात बसलेल्या मुलांना वाटायचं, आपल्या लोकांनी या राज्यासाठी काही केलेलंच नाही.

ॲलिस यांनी तक्रार करत बसण्यापेक्षा कागद घेतला. केंटकी घडवण्यात काळ्या माणसांनी काय काय केलं, त्याची माहिती त्या गोळा करू लागल्या. त्याची पानं करून मुलांना वाटू लागल्या. १९३९ पर्यंत त्याचं एक पुस्तक होण्याइतका मजकूर झाला. प्रकाशकांनी तो घेतला नाही. तो मजकूर छापून पुस्तक झालं १९८२ मध्ये, म्हणजे ४३ वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी ते कागद टाकून दिले नाहीत.

शिक्षिकेचा पगार तुटपुंजा, आणि तोही वर्षभर नाही. शाळेला सुट्टी लागली की पगार बंद. मग त्या उन्हाळ्यात मिळेल ते काम करायच्या. गोऱ्यांच्या कब्रस्तानातले दगड धुवायच्या, दुग्धालयात रोज चार तास काम, एका घरची साफसफाई, रात्री दुसऱ्या एका घरचे कपडे. इतकं करून आठवड्याला सात डॉलरच्या आसपास हाती यायचे.

संसारही सोपा नव्हता. पहिलं लग्न काही वर्षांतच मोडलं. दुसरं लग्न चार्ल्स डनिगन यांच्याशी झालं, त्यांना एक मुलगा झाला. पुढे नोकरीपायी मुलाला आजी-आजोबांकडे ठेवावं लागलं. ही किंमत लहान नव्हती, हे कोणतीही आई सांगेल.

राजधानीत

१९४२ साली दुसरं महायुद्ध चालू होतं आणि वॉशिंग्टनच्या सरकारी कार्यालयांना माणसं हवी होती. ॲलिस यांनी शाळा सोडली आणि टायपिस्ट-कारकून म्हणून त्या राजधानीत आल्या. दिवसा कार्यालय, संध्याकाळी हॉवर्ड विद्यापीठात वर्ग. युद्ध संपलं तशा या नोकऱ्याही संपायला लागल्या. तेव्हा १३ व्या वर्षी धरलेली लेखणी पुन्हा कामाला आली.

अमेरिकेत तेव्हा काळ्या समाजाची स्वतःची शंभराहून जास्त वर्तमानपत्रं निघत होती. प्रत्येकाला राजधानीत माणूस ठेवणं परवडणार कसं? म्हणून क्लॉड बार्नेट यांनी १९१९ मध्ये शिकागोत एक वृत्तसंस्था काढली होती, असोसिएटेड नीग्रो प्रेस. नीग्रो हा शब्द आज अपमानकारक मानतात, पण तेव्हा संस्थांच्या नावात तो सर्रास असायचा. एक वार्ताहर बातमी लिहिणार आणि ती सगळ्या वर्तमानपत्रांना टपालाने जाणार, अशी व्यवस्था. बार्नेट यांना वॉशिंग्टनसाठी माणूस हवा होता. त्यांना पुरुष हवा होता. त्या पगारात कुणी तयार झालं नाही, तेव्हा ॲलिस यांना संधी मिळाली. १ जानेवारी १९४७ पासून त्या वॉशिंग्टन कार्यालयाच्या प्रमुख झाल्या. प्रमुख म्हणजे काय, तर सगळं त्यांनीच करायचं. त्यांच्या बातम्या ११२ वर्तमानपत्रांना जायच्या.

पगाराचं सांगायचं तर त्या दर शनिवारी हातातलं घड्याळ गहाण टाकायच्या. त्या पैशांत शनिवार-रविवार निघायचा. सोमवारी पगार आला की घड्याळ सोडवायच्या. तळघरातल्या खोलीत राहायच्या आणि थंडीत इमारत गरम ठेवणाऱ्या भट्टीत कोळसा टाकण्याचं कामही करायच्या. सकाळी कोळसा, दुपारी सिनेटर. असे दिवस होते ते.

नियमात रंग कुठेच लिहिला नव्हता

आता मुख्य गोष्ट.

अमेरिकन काँग्रेस म्हणजे त्यांची संसद. आपल्या लोकसभा-राज्यसभेसारखी दोन सभागृहं, प्रतिनिधीगृह आणि सिनेट. ती ज्या इमारतीत भरते, ती कॅपिटॉल. पत्रकारांसाठी तिथे वेगळी प्रेस गॅलरी असते. गॅलरीचं ओळखपत्र असेल तर सभागृहाचं कामकाज वरून नीट दिसतं, विधेयकांच्या प्रती मिळतात, टेलिफोन आणि टेबल मिळतं, सदस्यांना गाठता येतं. ओळखपत्र नसेल तर सर्वसामान्य प्रेक्षकांच्या रांगेत उभं राहायचं.

हे ओळखपत्र कुणाला द्यायचं, ते पत्रकारांचीच एक स्थायी समिती ठरवायची. समितीचा नियम साधा होता. जो दैनिकासाठी तारेने बातम्या पाठवतो, त्यालाच प्रवेश. नियमात काळा-गोरा असं काहीच नव्हतं. पण काळ्या समाजाची जवळजवळ सगळी वर्तमानपत्रं साप्ताहिकं होती. रोजचं वर्तमानपत्र चालवायला जाहिराती लागतात, आणि जाहिराती ज्यांच्याकडे पैसा आहे ते देतात. त्यामुळे रंगाचं नावही न घेता संपूर्ण एक समाज गॅलरीच्या बाहेर राहिला.

आम्हाला या गोष्टीतला हा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. अन्याय नेहमी तोंडावर शिवी देऊन होत नाही. कधी तो एका ओळीच्या नियमात बसलेला असतो. नियम वाचला तर त्यात काहीच वाईट दिसत नाही. तो कुणाला आत घेतो आणि कुणाला बाहेर ठेवतो, हे मोजल्यावरच कळतं.

ॲलिस यांनी अर्ज केला. उत्तर ठरलेलं होतं, साप्ताहिकांच्या वार्ताहरांना प्रवेश नाही.

त्याच सुमारास लुई लॉटिअर नावाचे आणखी एक कृष्णवर्णीय वार्ताहर हीच लढाई लढत होते. ते साप्ताहिकांसाठी लिहायचे आणि अटलांटाच्या एका कृष्णवर्णीय दैनिकासाठीही. समितीने त्यांनाही नकार दिला. त्यांचं मुख्य काम साप्ताहिकांचं आहे, असं कारण दिलं. लॉटिअर यांनी हार मानली नाही, थेट सिनेटच्या नियम समितीकडे दाद मागितली. १८ मार्च १९४७ रोजी सुनावणी झाली आणि सिनेटच्या समितीने पत्रकारांच्या समितीचा निर्णय फिरवला. लॉटिअर आत गेले.

दार किलकिलं झालं होतं. ॲलिस यांना आता आपल्या संस्थेच्या प्रमुखाचं एक पत्र हवं होतं. बार्नेट यांनी ते लवकर दिलं नाही. इतकी वर्षं आम्ही पुरुषाला आत घालू शकलो नाही, तिथे बाई कशी जाणार, असा त्यांचा सवाल होता. बघा, समितीने रंगावरून अडवलं आणि आपल्याच माणसाने बाई म्हणून. ॲलिस यांनी पाठपुरावा सोडला नाही. काही महिन्यांनी, १९४७ च्या उन्हाळ्यात, त्यांच्या हाती ओळखपत्र आलं. प्रतिनिधीगृह आणि सिनेट, दोन्हींच्या प्रेस गॅलरीत प्रवेश मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. पाठोपाठ व्हाइट हाउसचं दारही उघडलं.

त्या गॅलरीतून काय दिसत होतं

ओळखपत्र मिळालं, छान झालं, पण त्याने फरक काय पडला? हा प्रश्न वाचकांनी विचारायलाच हवा.

त्या वर्षी संपूर्ण काँग्रेसमध्ये दोनच कृष्णवर्णीय सदस्य होते. शिकागोचे विल्यम डॉसन आणि न्यूयॉर्कचे ॲडम क्लेटन पॉवेल. सिनेटमध्ये एकही नाही. म्हणजे कायदे होत होते काळ्यांबद्दल, पण बोलणारे जवळजवळ सगळे गोरे.

विषय कोणते? जमावाने माणसाला मारून टाकण्याच्या विरोधातला कायदा. प्रतिनिधीगृहाने अशी विधेयकं १९२२, १९३७ आणि १९४० मध्ये मंजूर केली होती, पण सिनेटमध्ये ती प्रत्येक वेळी अडली. दुसरा विषय, मतदानासाठी भरावा लागणारा कर. काही दक्षिणी राज्यांत हा कर भरल्याशिवाय मत देता यायचं नाही, आणि गरीब माणूस तो भरू शकायचा नाही. तिसरा विषय, नोकरीत भेदभाव होऊ नये म्हणून कायमचा आयोग. या सगळ्याला सिनेटमध्ये अडवायची एक युक्ती होती. एखादा सदस्य बोलायला उभा राहायचा आणि बसायचाच नाही, मतदानाची वेळच येऊ द्यायचा नाही. १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाच्या वेळी स्ट्रॉम थरमंड हे सिनेटर २४ तास १८ मिनिटं बोलत राहिले होते.

मोठ्या वर्तमानपत्रांत यातलं किती यायचं? आलं तरी ते राजकारणाच्या डावपेचांची बातमी म्हणून यायचं. ज्या घरातला मुलगा जमावाने मारला, त्या घरासाठी ती बातमी कुणी लिहीत नव्हतं. ॲलिस यांचं काम नेमकं तेच होतं. आपला हक्क कोणत्या तारखेला, कोणाच्या मताने अडला, हे केंटकी, जॉर्जिया, टेक्सासमधल्या माणसाला आठवड्याच्या वर्तमानपत्रात वाचायला मिळू लागलं. नावं कळली की मत कुणाला द्यायचं नाही ते कळतं. संसदेच्या बातमीदारीचा खरा उपयोग हाच असतो.

आणि हे लिहिताना त्या जिथे बसायच्या, तिथेच त्यांच्या कानावर काय काय पडत असेल, याचा विचार करा. समितीच्या सुनावण्यांत सदस्य काळ्या लोकांबद्दल शिवीवजा शब्द वापरायचे. ॲलिस यांना ते ऐकून मान खाली घालायची नव्हती, लिहून घ्यायचं होतं.

स्वतःच्या खिशातून

१९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन रेल्वेने पश्चिमेकडच्या राज्यांच्या दौऱ्यावर निघाले. सोबत पत्रकारांचा ताफा. ॲलिस यांनाही जायचं होतं. बार्नेट यांनी खर्च द्यायला नकार दिला. मग ॲलिस यांनी पैशांची जुळवाजुळव स्वतःच केली आणि त्या गाडीत बसल्या. राष्ट्राध्यक्षांच्या दौऱ्यावर गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला पत्रकार.

वायोमिंग राज्यात शायेन इथे सगळे पत्रकार चालत निघाले होते. एका लष्करी अधिकाऱ्याने ॲलिस यांना मागे ढकललं. काळी बाई पत्रकार असेल, हे त्याच्या डोक्यातच येईना. सोबतचा एक पत्रकार मध्ये पडला, तेव्हा सुटका झाली. ही गोष्ट ट्रूमन यांच्या कानावर गेली. ते स्वतः ॲलिस यांच्या डब्यापाशी आले आणि पुन्हा काही त्रास झाला तर मला कळवा, असं सांगून गेले.

मोंटाना राज्यात मिसूला स्टेशनवर गाडी रात्री उशिरा पोहोचली. फलाटावर विद्यार्थी जमले होते. राष्ट्राध्यक्ष झोपायच्या कपड्यांतच बाहेर आले आणि त्या मुलांशी बोलता बोलता नागरी हक्कांवरही बोलले. ॲलिस यांची बातमी कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांत ठळक मथळ्याने लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये ट्रूमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला.

प्रश्न आधी लिहून द्या

१९५३ मध्ये आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष झाले. राजधानीत तेव्हाही काळ्यांना अनेक ठिकाणी मज्जाव होता. एका नाट्यगृहात राष्ट्राध्यक्षांचं भाषण होतं, तिथे ॲलिस यांना आत जाऊ दिलं नाही. त्याच वर्षी सिनेटर रॉबर्ट टाफ्ट वारले. त्यांच्या अंत्यविधीची बातमी घ्यायला गेलेल्या ॲलिस यांना नोकरमाणसांसोबत बसावं लागलं. त्या बसल्या आणि बातमी पाठवली. स्वतःच्या मानापमानापेक्षा वाचकाला बातमी मिळणं त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं. हा सबर सोपा नाही.

पण जिथे झुकायचं नव्हतं तिथे त्या झुकल्या नाहीत. पत्रकार परिषदेत त्या पुन्हा पुन्हा वर्णभेदावर प्रश्न विचारायच्या. राष्ट्राध्यक्षांना ते अवघड जायचं. मग त्यांना निरोप आला की प्रश्न आधी लिहून द्यावेत. बाकी कुणाही पत्रकाराला ही अट नव्हती. ॲलिस यांनी नकार दिला. त्यानंतर परिषदेत त्यांचा हात वर असायचा आणि त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही. दोन वर्षं असं चाललं. दोन वर्षं त्या तरीही जात राहिल्या, हात वर करत राहिल्या.

याच काळात शिकागो डिफेंडर वर्तमानपत्राच्या एथेल पेन याही तिथे होत्या. १९५४ मध्ये त्यांनी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाड्यांतल्या वर्णभेदावर प्रश्न विचारला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष चिडले होते. आज एकाच पुरस्कारावर या दोघींची नावं आहेत, ती अशी.

२५ जानेवारी १९६१ रोजी नवे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी पहिली पत्रकार परिषद घेतली. ती टेलिव्हिजनवर थेट दाखवली जात होती. केनेडी यांनी ॲलिस यांना प्रश्नाची संधी दिली. प्रश्न टेनेसी राज्यातल्या फेएट काउंटीचा होता. तिथल्या काळ्या कुळांनी मतदान केलं म्हणून जमीनमालकांनी त्यांना घराबाहेर काढलं होतं. ती कुटुंबं थंडीत तंबूत राहत होती. सरकार काय करणार? केनेडी यांनी देशासमोर सांगितलं की मताचा हक्क राखण्याची जबाबदारी काँग्रेसने कायद्याने सरकारवर टाकली आहे आणि प्रत्येक नागरिकाला मत देता आलं पाहिजे.

देशभर टेलिव्हिजन बघणाऱ्या लोकांना त्या दिवशी तंबूतल्या त्या कुटुंबांबद्दल कळलं. दोन वर्षं गप्प बसवलेल्या बाईने तो प्रश्न स्वतःबद्दल विचारला नव्हता.

शेवटची वर्षं

त्यानंतर ॲलिस यांनी बातमीदारी सोडली. सरकारी कामांत समान संधी मिळावी म्हणून नेमलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या समितीत त्यांनी काम केलं, पुढे तरुणांच्या रोजगारासंबंधीच्या कामातही होत्या. १९७४ मध्ये आत्मचरित्र छापलं. १९८२ मध्ये ते जुनं पुस्तक आलं, टॉड काउंटीच्या मुलांसाठी जमवलेलं. ६ मे १९८३ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्या गेल्या. वय ७७.

मानसन्मान बहुतेक नंतरचे. १९८५ मध्ये कृष्णवर्णीय पत्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांचं नाव आपल्या मानाच्या यादीत घेतलं. २०१५ मध्ये आत्मचरित्र नव्याने निघालं. २०१८ मध्ये त्यांचा ब्राँझचा पुतळा राजधानीतल्या वृत्तपत्र संग्रहालयात ठेवला गेला आणि पुढच्या वर्षी तो रसेलव्हिलला, त्यांच्या गावी नेला. मग २०२२ चा तो पुरस्कार.

दोन गोष्टी त्यासोबत नोंदवायला हव्यात. एक, जमावाने केलेल्या हत्येला देशपातळीवर स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेत शेवटी मंजूर झाला तोही २०२२ मध्येच, मार्च महिन्यात. पहिलं विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झाल्याला तेव्हा १०० वर्षं झाली होती. दुसरी गोष्ट, ज्या नॅशनल प्रेस क्लबचा प्रादेशिक बातमीदारीचा पुरस्कार आम्ही सुरुवातीला सांगितला, तो क्लब १९७१ पर्यंत बायकांना सदस्यच करून घेत नव्हता. १९५५ पासून महिला पत्रकारांना तिथल्या कार्यक्रमाची बातमी घ्यायची तर वरच्या बाल्कनीत उभं राहून घ्यावी लागायची. खाली पुरुष जेवायचे, वर बायका लिहायच्या. संस्था बदलतात, पण कुणीतरी दारात उभं राहिल्याशिवाय नाही.

आपल्यासाठी

ही परदेशातली गोष्ट आम्ही का सांगितली, हे एव्हाना लक्षात आलं असेल.

मीडियात आपल्याबद्दल असं येतं, तसं येतं, ही तक्रार आपल्या घरांत रोज होते. ती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण ॲलिस यांच्या आयुष्याकडे बघितलं की आणखी एक प्रश्न पडतो. आपल्याबद्दलचा कायदा जिथे होतो, तिथे वही-पेन घेऊन बसलेलं आपलं कोण आहे? आपल्या मतदारसंघाच्या खासदाराने या वर्षी कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर कुठे मत दिलं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? संसदेचं कामकाज आता घरबसल्या टीव्हीवर दिसतं. ॲलिस यांना जे बघण्यासाठी लढावं लागलं, ते आपण रिमोटने बदलून टाकतो.

आमचंही माध्यम छोटंच आहे. छोट्या माध्यमाला दारात कसे प्रश्न विचारतात, ते आम्ही अनुभवलं आहे. म्हणून ॲलिस यांच्यासोबतच त्या ११२ वर्तमानपत्रांचीही आठवण आम्हाला काढावीशी वाटते. त्यांची वर्गणी भरणारे धोबी, कूळ, कारखान्याचे मजूर यांची नावं कुठल्याच पुरस्कारावर नाहीत. पण त्यांनी आठवड्याला काही पैसे बाजूला काढले नसते, तर घड्याळ गहाण टाकणाऱ्या त्या वार्ताहर बाईचा तुटपुंजा पगारही निघाला नसता.

तुमच्या घरात, शेजारात एखादी मुलगी असेल जी गावातल्या लग्नाची, नळाच्या पाण्याची, शाळेच्या छताची बातमी एका वाक्यात लिहून ठेवते, तर तिला हसू नका. तिला वही आणून द्या. आणि घरचे पुढे शिकवायला तयार नसतील तर एकदा तिच्या आईवडिलांशी बोलून बघा.

रसेलव्हिलच्या त्या पुतळ्यात ॲलिस वर्तमानपत्र हातात घेऊन उभ्या आहेत. तो घडवला आहे १९४७ सालच्या एका फोटोवरून, त्यांना गॅलरीचं ओळखपत्र मिळालं त्या वर्षाच्या. फोटोत त्यांच्या मागे कॅपिटॉलच्या पायऱ्या दिसतात.